सूर्याच्या बेटावर ताईंनी काढलेला पट

माझं डावं हासळीचं हाड, म्हणजे गळ्याकडून खांद्याकडे जातं ते, मधोमध उचललेलं आहे. शर्टावरूनही सुपारीएवढा उंचवटा हाताला लागतो. ग्लासगोच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्याचा हात तिथे थबकतो आणि तो अदबीने विचारतो, सर, हे काय आहे? मी सांगतो, स्मारक आहे. मग मला बाजूला घेतात, आणि माझी बायको मीरा लांब जाऊन उभी राहते, या माणसाशी आपला काही संबंध नसल्यासारखी.

स्मारक आहे हे मात्र खरं. डॉ. इंदुमती सरनोबत यांचं. ग्लासगोतल्या तमाम मराठी माणसांच्या त्या ताई, आणि हाडांच्या सर्जन. माझं हाड त्यांनी बसवलं आणि वाकडं बसवलं, असं मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हळहळतात. मोडलंही त्यांनीच, हे मी जरा थांबून सांगतो.

ताई पाच फूटही नव्हत्या. कोल्हापूरच्या. वडील तालमीतले वस्ताद. मुलींना तालमीत पाऊल टाकायची बंदी, म्हणून ही मुलगी खिडकीचे गज धरून कुस्त्या बघायची आणि घरी येऊन थोरल्या भावाला लोळवायची. अशाच एका सरावात भावाचा खांदा निखळला. हाडवैद्याने तो कसा बसवला ते तिने डोळे फाडून पाहिलं, आणि आपण पुढे काय व्हायचं ते तिथेच ठरलं. "निखळताना मजा आली होतीच," त्या सांगायच्या, "पण बसताना जो आवाज आला ना लेका, त्याला तोड नाही."

मी भूल देणारा डॉक्टर. ताई टेबलाच्या मध्यावर आणि मी रुग्णाच्या डोक्याशी, अशी आमची वर्षानुवर्षांची जागा. बाहेरच्या लोकांना वाटतं ऑपरेशन थिएटर म्हणजे देवघरासारखी शांतता. हाडांचं थिएटर सुताराच्या दुकानासारखं असतं. हातोडा, करवत, छिन्नी, ड्रिल. ताई पायाखाली स्टूल घेऊन मांडीच्या हाडात सळई ठोकायला लागल्या की रक्त त्यांच्या चष्म्यापर्यंत उडायचं आणि ट्रॉलीवरची हत्यारं नाचायची. "गॅसवाल्या, तुझा माणूस हलतोय." मला त्या याच नावाने हाक मारायच्या. मी म्हणायचो, ताई, माणूस नाही, टेबल हलतंय. मग टेबलाला भूल दे, असं उत्तर यायचं.

आणि त्या कधीही प्लीज म्हणत नसत. हे किती मोठं पाप आहे ते या देशात न राहिलेल्यांना कळणार नाही. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतात. तुमच्या पायावर दुसऱ्याने पाय दिला तर सॉरी तुम्ही म्हणता. ताई म्हणायच्या, हॅमर. सक्शन. बाहेर हो. नव्या सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडायच्या. शेवटी व्यवस्थापनाने ताईंना सौजन्याच्या कोर्सला पाठवलं. तिथल्या सद्गृहस्थाने त्यांना 'मला जरा हातोडा मिळू शकेल का, प्लीज' हे वाक्य म्हणून बघायला सांगितलं. ताईंनी विचारलं, तोवर रक्त वाहायचं थांबणार आहे का? कोर्स दिवसभराचा होता. ताई जेवायच्या वेळी परत थिएटरमध्ये.

शहरातल्या दोन फुटबॉल संघांची मॅच असली की आमच्याकडे फुटलेली डोकी आणि मोडलेले हात रांगेने यायचे. अशाच एका शनिवारी एक राक्षसी देहाचा माणूस आला, खांदा निखळलेला, पोटात दारू, तोंडात शिव्या. मी त्याला गुंगीचं औषध द्यायला शीर शोधत होतो आणि ती सापडत नव्हती. एवढीशी सावळी बाई बघून तो म्हणाला, खरा डॉक्टर बोलवा, आणि हिला सांगा, जिथून आलीस तिथे... ताईंनी एक बूट काढला, ट्रॉलीवर चढल्या, त्याच्या काखेत टाच रोवली, मनगट दोन्ही हातांत धरलं आणि मागे रेलल्या. खट्. वाक्य तिथेच राहिलं. तो माणूस हुंदके देत त्यांना 'हेन' म्हणायला लागला, ग्लासगोत बायकांना मायेने म्हणतात तसं. मी अजून शीरच शोधत होतो.

दुसरी गोष्ट बसस्टॉपची. एका हुडीवाल्याने चाकू दाखवून त्यांची पर्स ओढली. पुढे काय झालं ते त्याला सांगता येत नव्हतं, ताईंना सांगायचं नव्हतं. पण त्याचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. ताईंनी त्याला दुसऱ्या हाताने धरून, तीच बस पकडून, आमच्या इस्पितळात आणलं. एक्स-रे काढला, हाड ओढून सरळ केलं, प्लास्टर घातलं. पोलीस आले तेव्हा ते ओलं होतं. "मोडलं मी, बसवतेय मी," त्या म्हणाल्या. "वाळू दे, मग न्या." नंतर मी विचारलं, ताई, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, "मोडलं की बसवायचं. न बसवता निघून जातो तो गुंड."

निवृत्त झाल्यावर लोक क्रूझला जातात. ताईंनी दक्षिण अमेरिकेतल्या इन्कांकडे जायचं ठरवलं. कुठल्या तरी पुस्तकात त्यांनी फोटो पाहिले होते: दगडी चांदणीसारखी टोकं असलेल्या गदा, आणि त्या गदांनी फुटलेल्या कवट्या. कवट्यांना गोल भोकं पाडलेली, आणि भोकांच्या कडा भरून आलेल्या. म्हणजे डोकं फुटलेला माणूस, कवटी कोरणाऱ्या कोणा सर्जनच्या हाताखाली पडून, पुढे वर्षानुवर्षं जगला होता. ताई हरखून गेल्या. "मारणारे तेच, वाचवणारे तेच. आपल्या धंद्यातली माणसं." मग बोलिव्हिया ठरलं, आणि तिथल्या टिटिकाका सरोवरातलं सूर्याचं बेट. इन्कांचा पहिला राजा तिथे जन्मला असं ते मानत. होडीने जायचं, अवशेष बघायचे, संध्याकाळी परत.

आम्ही चौघे निघालो. ताई, मी, जीपी असलेली मीरा, आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र बापू वानखडे. बापू मिल्टन कीन्सला मनोविकारतज्ज्ञ आहे आणि त्याने आयुष्यात आवाज चढवलेला नाही. तिथल्या राउंडअबाउटवर तो समोरच्याला आधी जाऊ देतो आणि मग मागच्यालाही.

चार डॉक्टर. ला पाझच्या हॉटेलात आम्ही बॅगा उघडल्या, तेव्हा उंचीच्या त्रासावरची एक गोळी निघाली नाही. मीराला वाटलं, भूलतज्ज्ञ आणेल, प्राणवायू हा त्याचा विषय. मला वाटलं, गोळ्या लिहून देण्यात जिचा जन्म गेला ती आणेल. बापूला वाटलं, आपण मनाचे डॉक्टर, शरीराचं बाकीचे बघतील. सर्जन माणूस गोळी बाळगतच नाही. निघालं काय, तर चिवडा, शंकरपाळे, मेतकूट आणि दोन घरची लिंबाची लोणची. विरळ हवेमुळे चिवड्याची सीलबंद पाकिटं उशांसारखी फुगली होती. मीराने एक उचललं आणि ते फाडकन फुटून बापूच्या शांत चेहऱ्यावर शेंगदाणे उडाले. उंची पाकिटांना कळली होती. मला नाही.

मीरा म्हणाली, इथल्या दुकानातून गोळ्या घेऊ. मी तिला व्याख्यान दिलं. शरीराला सवय होऊ द्यावी, माझ्या विषयात तू पडू नकोस, वगैरे. डोकं तेव्हाच ठणकत होतं. पण जन्मभर विद्यार्थ्यांना प्राणवायूची कमतरता शिकवणाऱ्या माणसाने, आपल्यालाच ती झाली हे कबूल करायचं कुणासमोर? सरोवराकाठच्या गावात पोचलो, तिथल्या बाजारात ताईंनी प्राणवायूचा एक डबा विकत घेतला. डासांच्या फवाऱ्यासारखा दिसणारा, वर प्लास्टिकचा मास्क. मी म्हणालो, ताई, हवा विकत घेताय? त्या म्हणाल्या, "तू आयुष्यभर विकलीस, मी एकदा घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निघाली. सरोवर इतकं निळं की डोळे दुखत होते. पलीकडे बर्फाचे डोंगर. ताई होडीच्या टोकावर बसल्या होत्या आणि वारा त्यांचे पांढरे केस चाबकासारखे उडवत होता. मी ओकलो, आणि लाटांना दोष दिला. लाटा नव्हत्या.

बेटाच्या उत्तर टोकाला उतरून वर चढलो. एक मोठा दगडी चबुतरा, त्याच्याभोवती बसायला दगड. इथे बळी देत, असं होडीवाल्याने खुणेने गळ्यावरून बोट फिरवून सांगितलं. ताईंनी चबुतऱ्याची उंची कमरेशी मापली आणि म्हणाल्या, टेबल बरोबर आहे, दिवा नाही. त्याच्या पुढे उतारावर इन्कांचा भुलभुलैया. दगडी भिंती, अंधाऱ्या खोल्या, माणसाला वाकवणारे ठेंगणे दरवाजे. माझे पाय तोवर दारुड्यासारखे पडायला लागले होते. मीराने विचारलं, तुला बरं आहे ना? मी म्हणालो, एकदम ठणठणीत. हे उत्तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे: रुग्ण गुदमरतोय याची पहिली खूण, तो म्हणतो मी ठणठणीत आहे.

त्या ठेंगण्या दरवाजांपैकी एकावर माझं कपाळ आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं, आणि मला पुढे आमच्या इस्पितळाचा तळमजला दिसायला लागला. तो बोळ, तेच वळण. मला उशीर झाला होता. वर टेबलावर माणूस पडलेला, भूल द्यायला कोणी नाही. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावायला लागलो. पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. सलग सांगते ती मीरा, आणि पाहुण्यांसमोर सांगते.

भिंती संपल्या तिथून जमीन सरोवराकडे तुटत गेली होती. मी त्या कड्याकडे निघालो होतो. बापू माझ्या बाजूने चालत, शांत स्वरात, मला काय वाटतंय याचा आदर करत होता. मीराने मला धरलं, मी तिला ढकललं. ती दगडांवर पडली, तिची कोपरं सोलली. तेवढ्यात ताई आल्या. माझे ओठ पाहिले, चाल पाहिली. मेंदूला सूज आहे, उतरवा याला, एवढंच म्हणाल्या आणि तो डब्याचा मास्क माझ्या तोंडावर दाबला. मी तो हिसकावून भिरकावला. त्यांनी माझ्या कानाखाली मारली. दगडांत आवाज घुमला, असं बापू म्हणतो. मी, ज्याने डास मारतानाही दहादा विचार केला, त्या मी ताईंच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा फुटला, भुवईतून रक्त आलं. आणि मी वळून कड्याकडे धावलो.

ताईंनी चष्म्याकडे पाहिलंही नाही. खाली वाकल्या आणि मागून माझा पट काढला. दोन्ही पाय मिठीत घेऊन उपसले. खिडकीचे गज धरून पाहिलेला डाव, सत्तरीच्या जवळ, चार हजार मीटर उंचीवर. मी डाव्या खांद्यावर आदळलो आणि हासळीचं हाड काट्कन मोडलं. डोकं कड्याच्या काठाशी, समोर नुसतं पाणी.

"क्लॅव्हिकल," त्या माझ्या छातीवर बसून धापा टाकत म्हणाल्या. "बरं झालं. आता एकाच हाताने भांडशील."

मास्क परत लावला, आणि तो निघू नये म्हणून तळहाताने माझा जबडा दाबून धरला. मग स्वतःच्या शालीने माझे दोन्ही खांदे मागे खेचून आठाच्या आकड्यात बांधले. गाठ मारताना गुडघा माझ्या पाठीत. मी किंचाळत होतो. लांब मानेचा, लोकरीचा एक लामा चरायचं थांबून बघत होता, असं मीरा सांगते. तो मला आठवत नाही.

होडीजवळ पोचलो तेव्हा वारा उठला होता, पाणी शाईसारखं काळं. होडीवाल्याने आभाळाकडे बोट दाखवलं, मान हलवली. बापू त्याला अत्यंत नम्रपणे इंग्रजीत समजावायला लागला. ताईंनी बापूला बाजूला सारलं, होडीवाल्याची मान धरून त्याचं तोंड माझ्या निळ्या ओठांपाशी आणलं, आणि दोराची गाठ स्वतः सोडली. तो काहीतरी पुटपुटला, थुंकला आणि इंजिन सुरू केलं. येतानाचं गुळगुळीत सरोवर आता होडीला खालून लाथा मारत होतं. बर्फगार पाणी अंगावर फुटत होतं. प्रत्येक लाटेला माझ्या हाडाची टोकं एकमेकांवर घासायची, आणि प्रत्येक लाटेला मी ताईंना शिवी द्यायचो. कोल्हापुरी शिव्या, वीस वर्षं त्यांच्याकडूनच ऐकलेल्या. मीरा म्हणते, एका शिवीचा उच्चार चुकला तर त्यांनी तो दुरुस्त केला.

गावात प्राणवायूचं मोठं सिलिंडर मिळालं, सूज उतरवणारं इंजेक्शन मिळालं, आणि मग टॅक्सीने घाट उतरून खाली, जिथे हवा श्वास घेण्याजोगी होती तिथे. वाटेत कधीतरी मला मी कोण आहे ते आठवलं. शेजारी ताई, भुवईवर मीराने घातलेले टाके, डोळा सुजून बंद. मी मास्कमधून विचारलं, एवढ्या जोरात? आधी एकदा समजावून बघायचं होतं ना?

त्या खिडकीबाहेर बघत बोलल्या. ग्लासगोतला त्यांचा पहिला हिवाळा. त्या सगळ्यात ज्युनियर. जहाजांच्या कारखान्यातला एक वेल्डर, नडगी मोडलेली, पाय प्लास्टरमध्ये. आत पाय सुजत होता, बोटं पांढरी पडत होती. तो माणूस वेदनेने पलंगाची कड चावत होता.

"साहेब निघायच्या घाईत होते. मी म्हटलं, सर, प्लास्टर कापू या, प्लीज. ते म्हणाले, उद्या बघू. मी मागे जाऊन परत म्हटलं, प्लीज. गाडीपाशी जाऊन तिसऱ्यांदा म्हटलं. त्यांनी हसून दार लावलं. पाय मांडीतून कापावा लागला. कापताना धरला मी. सुटला तेव्हा सगळं वजन माझ्या हातांत आलं. पाय एवढा जड असतो, माहीत नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या दिवसापासून तो शब्द बंद. आता झोप."

त्यानंतर काही वर्षांनी ताईंची फुप्फुसं चामड्यासारखी होत गेली. उन्हाळ्यात त्यांना वॉर्डात ठेवलं. कोल्हापूरहून भाऊ निघाला होता, तोच तो, खांदा निखळलेला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होता. आणि ताई मास्क लावून घेत नव्हत्या. दोनदा काढून फेकला होता, एका ज्युनियर डॉक्टरच्या कानाखाली वाजवली होती. सिस्टरने मला फोन केला. दुपारी गेलो तर त्या उशांना टेकून बसल्या होत्या, मास्क चादरीवर पडलेला, ओठांना त्या सरोवराचा रंग.

"आलास गॅसवाल्या? दुकान बंद कर तुझं."

मी म्हणालो, ताई, भाऊ विमानात बसलेत. त्या म्हणाल्या, त्याला सांग, खांद्याबद्दल अजून राग असेल तर लवकर ये. बोलताना दर दोन शब्दांनी थांबत होत्या. मास्क मी तोंडाजवळ नेला, त्यांनी मनगटाला फटका मारून उडवला. अजूनही लागलं.

तेव्हा मी हात उगारला. खरंच उगारला. ताईंनी त्या हाताकडे नीट, जाणकारासारखं पाहिलं.

"कोपर वर घे," त्या म्हणाल्या. "असा मारलास तर तुझंच मनगट जाईल."

हात खाली आला. आयुष्यात एकदाच मारलं होतं मी कुणाला, आणि तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो.

"ताई, मास्क लावा. प्लीज."

त्यांनी मास्क बोटाने आणखी लांब सारला.

"प्लीज, ताई."

"बापूची सवय लागली तुला."

मग तिसऱ्यांदा म्हटलं. नुसताच शब्द, कसाबसा. प्लीज.

ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग चादरीवरचा मास्क स्वतः उचलला, तोंडावर ठेवला, इलॅस्टिक कानांमागे ओढून घट्ट बसवलं. प्लास्टर बांधल्यासारखं.

तो मास्क रात्रभर राहिला, आणि सकाळी त्यांनी भावाला ओळखलं, असं सिस्टरने सांगितलं. ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की थोड्या वेळाने त्यांचा हात वर आला आणि मी जुन्या सवयीने डोळे मिटून गाल आवळले. काही वाजलं नाही. डोळे उघडले तर त्यांची बोटं माझ्या हासळीच्या हाडावर होती, त्या उंचवट्यावरून पुढे-मागे फिरत होती, जोड शोधत.

"वाकडं बसलंय," मास्कच्या वाफेतून त्या म्हणाल्या, आणि हात तिथेच राहू दिला.